मसाल्याच्या डब्यातून पेल्यात: घरी केलेल्या लिंबू-संत्र्याच्या कॉकटेलचे अनुभव

गेल्या डिसेंबरात नणंद आणि नणंदोई पुण्याला आमच्याकडे आठ दिवस राहायला होते. रात्री जेवणाआधी चौघांनी बसून काहीतरी प्यावं आणि ते घरी केलेलं असावं, असं फार मनात होतं. घरात व्होडकाची पाऊण बाटली होती. तिच्यात दहा लवंगा, दालचिनीचे दोन तुकडे आणि एक चक्रीफूल टाकून रात्रभर ठेवली. माप पुलावाचं, कारण मसाल्याचं तेवढंच माप हाताला ठाऊक होतं. सकाळी झाकण उघडलं तर फिक्या चहासारखा रंग आणि दातांच्या दवाखान्यात येतो तो वास. थेंबभर जिभेवर ठेवलं तर जिभेचं टोक बधिर झालं. लवंगेतलं युजेनॉल, म्हणजे दुखऱ्या दाताला आपण जे लावतो तेच, दारूत भराभर उतरतं. भातात शिजताना मसाला मवाळ होतो, वाफेबरोबर थोडा उडूनही जातो. बंद बाटलीत जे उतरलं ते तिथेच राहतं.

त्यानंतर दोन महिने दर शनिवारी थोडं थोडं करून पाहिलं. आता माझं माप ठरलंय. 180 मिली व्होडकाला दोन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि दोन वेलदोडे, किंचित ठेचून. काचेची बरणीच हवी, प्लास्टिकला वास लागतो आणि जात नाही. लवंगा दोन तासांत बाहेर, बाकीचं सहा तास. दर तासाला अर्धा चमचा काढून चव बघायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचं. पेल्यात 45 मिली ही व्होडका, 20 मिली लिंबाचा रस, समान साखर-पाण्याचा 20 मिली पाक, भरपूर बर्फ आणि चिमूटभर पादेलोण. घट्ट झाकणाच्या बाटलीत बर्फासकट जोरजोरात हलवायचं, बाटलीला बाहेरून दव धरेपर्यंत. लिंबू मात्र आयत्या वेळीच पिळायचं. सकाळी पिळून ठेवलेला रस संध्याकाळी वापरला की पेल्यात मरगळ येते.

तुमच्याकडे काय करता? बिघडलेलंही लिहा, आणि मापं लिहाच. विकत आणलेल्या बाटलीत मसाला मुरवण्याबद्दलच बोलू या. घरी दारू गाळण्याचा विषय इथे नको.

डिचोलीहून

आमच्याकडे मार्च उजाडला की हुर्राक. काजूच्या बोंडूचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की जे मिळतं ते हुर्राक, साधारण 15 टक्क्यांचं. तेच पुन्हा भट्टीवर चढवलं की फेणी, ती 42 टक्क्यांच्या पुढे. झाडावरचं बोंडू तोडत नाहीत, पिकून आपसूक खाली पडलेलंच वेचतात, म्हणून सगळा हंगाम त्या झाडांच्या मर्जीवर. हुर्राक टिकत नाही. मे संपला की पुढच्या वर्षाची वाट.

कृती म्हणावी असं त्यात काही नाही, तरी ती चुकते. उंच पेल्यात तीन बोटं हुर्राक, अर्धं लिंबू पिळून साल आतच टाकायची, मीठ, बर्फ आणि वरून लिम्का. हिरवी मिरची उभी चिरायची, पण देठापाशी जोडलेली ठेवायची. तुकडे केले की बिया सुटतात, घोटाघोटाला घशात लागतात आणि लिंबाचा वास मरतो. चिरलेली मिरची पेल्यात उभी सोडली की पहिला घोट नुसता सुवासाचा आणि शेवटचा तिखट. मला ती चढत जाणारी चव फार आवडते. हे पेय दुपारचं. माडाखाली खुर्च्या टाकून, सोबत तळलेली बारकी मासळी.

फेणीत मात्र गरम मसाला मुरवू नये असं माझं ठाम मत आहे. जिरं, आलं किंवा दुदशिरीची (अनंतमुळाची) मुळं घातलेली फेणी गोव्यात जुनीच आहे, पण त्यामागे पिढ्यांचा हात आहे. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही दारू आहे, तिचा वास हीच तिची ओळख. तिला लिंबू, मीठ आणि फार तर आल्याचा रस द्यावा.

मालवणहून, सध्या ठाण्यात

ताई, तुम्ही लवंगेचं लिहिलंत म्हणून तिरफळाचं लिहितो. बांगड्याच्या तिखल्यात पडतं ते तिरफळ. वनस्पतिशास्त्रात ते लिंबाच्याच कुळातलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. मग आईच्या डब्यातलं सुकं तिरफळ बोटांत चुरून पुन्हा वास घेतला. आधी संत्र्याची साल, मागून मिरी, आणि जिभेवर ठेवलं तर बारीक मुंग्या. इतकी वर्षं तो वास आम्ही फक्त माशाशी जोडत होतो.

जिनमध्ये मुळातच जुनिपर (एका झुडपाची सुवासिक फळं), धणे, लिंबाची साल असं काही ना काही असतं, म्हणून तिरफळ तिथे परकं वाटत नाही. पहिल्या खेपेला अख्खी तिरफळं टाकली आणि फसलो. सुकं तिरफळ तोंड उघडून बसलेलं असतं आणि आत काळी चकचकीत बी असते. ती बी कडवट आणि वाळूसारखी कचकचीत. आई कालवणासाठी बी काढूनच तिरफळं ठेचते, हे रोज डोळ्यांसमोर असून लक्षात घेतलं नव्हतं. आता पेपरवर तिरफळं पसरतो, नखाने एकेक बी उडवतो, नुसती टरफलं ठेवतो. दहा टरफलं तव्यावर अर्धा मिनिट, फक्त वास सुटेपर्यंत. गार झाली की 180 मिली जिनमध्ये. तीन तास, चौथा तास नाही. चौथ्या तासाला मुंग्यांचा बधिरपणा होतो आणि मग लिंबू लागतच नाही.

पेल्यात 50 मिली जिन, एका कागदी लिंबाचा रस, दोन चमचे पाक, वरून सोडा. पेल्याची कड लिंबाने ओली करून मीठ आणि वाटलेलं तिरफळ लावतो. बाबांचं वय 74. ते रोज एकच लहान पेग पाण्याबरोबर घेतात, दुसरं काही नको म्हणतात. त्यांना हा पेला दिला तेव्हा घोट घेऊन बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गावच्या घराच्या पडवीत तिरफळां सुकत घालीत, त्याचो वास." पुढे तासभर आजीबद्दल बोलत होते. तिच्याबद्दल इतकं त्यांच्याकडून मी कधीच ऐकलं नव्हतं.

वर्ध्याहून

आमचा जिल्हा कित्येक दशकांपासून दारूबंदीचा. माझं कारण मात्र घरातलं आहे. सख्खा काका दारूने गेला, त्याची तीन मुलं आमच्या आईने वाढवली. त्यामुळे आमच्या घरात बाटली येत नाही आणि येणार नाही. तरी हे लिहावंसं वाटलं, कारण मसाला आणि संत्रं यांची जोडी दारूवाचूनही पूर्ण आहे.

संत्र्याला वर्षात दोन बहार, अंबिया आणि मृग. अंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास भरपूर असतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मला मृगाची जास्त गोड लागतात. अर्धा कप साखर, अर्धा कप पाणी, बारा मिरे भरड कुटून, एक लवंग आणि आल्याचा तुकडा. हे पाच मिनिटं मंद उकळायचं, झाकून गार करायचं आणि गाळायचं. चार संत्र्यांच्या रसात तीन चमचे पाक आणि अर्धं लिंबू. लिंबू हवंच, नुसतं संत्रं मिळमिळीत लागतं. मिक्सरमध्ये फोडी फिरवू नका. बी फुटली की सगळा रस कडू होतो, साखर घालून जात नाही. फोडी सोलून बिया काढायच्या आणि हाताने दाबून रस काढायचा, वेळ लागला तरी. काचेच्या उंच पेल्यात, वर संत्र्याच्या सालीची चकती पिळून, पाहुण्यांच्या हातात देते. घेणाऱ्याला आपल्याला काही कमी मिळालं असं वाटू नये, एवढं मी कसोशीने बघते.

श्टुटगार्टहून

इथे नाताळच्या आधी चार आठवडे चौकाचौकात ग्ल्यूवाइन मिळते, म्हणजे लाल वाइन, संत्रं, दालचिनी, लवंग आणि चक्रीफूल घालून गरम केलेली. घरी करताना मी दोन चुका केल्या, त्याच सांगते. पहिली, वाइन चहासारखी उकळली. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पातेल्यात उरलं ते आंबट आणि तुरट पाणी. आता कडेला बारीक वाफ दिसली की गॅस बंद करते. दुसरी चूक सालीची. इथल्या पुष्कळ संत्र्यांच्या जाळीवर साल खाण्याजोगी नाही असं लिहिलेलं असतं, ती साल मी तशीच टाकली होती. साल वापरायची असेल तर ज्यावर प्रक्रिया केलेली नाही तेच फळ घ्यायचं आणि कोमट पाण्याने चोळून धुवायचं. सालीखालचा पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, कडूपणा तिथेच असतो.

गिरगावातून

पंच हा शब्द आपल्या 'पाच'वरून गेला असं सांगतात: दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला किंवा चहा. 1632 सालच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात तो शब्द सापडतो, आणि गोव्याच्या अराकची, म्हणजे ताडी गाळून केलेल्या दारूची, त्या काळी पंचसाठी ख्याती होती. आपल्या किनाऱ्यावरून जगभर गेलेलं पेय आपल्याच घरात होऊ नये, याची मला मनापासून रुखरुख होती. म्हणून मुलीच्या पंचविशीला ठरवून केलं. राज्यात कडक दारूसाठी कायद्याने तेच वय आहे, म्हणून तो दिवस निवडला. परवानेही काढले.

सहा लिंबांची नुसती पिवळी साल सोलाण्याने काढली, पाऊण वाटी साखरेत बोटांनी चुरली आणि झाकून ठेवली. दोन तासांनी साखर ओली, चकचकीत, सालीतलं तेल तिच्यात उतरलेलं. स्वयंपाकघरातून वास दिवाणखान्यापर्यंत आला होता. त्यावर गरम कोरा चहा चार वाट्या, साखर विरघळवून गाळला. गार झाल्यावर सहा लिंबांचा रस, दोन वाट्या रम आणि वर जायफळ किसून. बार्बाडोसकडे एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार फिकट (पाणी किंवा चहा) असं प्रमाण सांगतात. आम्हाला तेवढं गोड आणि तेवढं कडक नको होतं. जायफळ ताजंच किसा, डब्यातली पूड वर तरंगते आणि घशाला लागते. सासूबाईंनी वाटीभर घेतलं, आणि पुढच्या वर्षी साल सोलायला मी बसेन म्हणाल्या.

पुण्याहून, पुन्हा मी

सगळं दोनदा वाचलं. वर्ध्याच्या ताईंचा पाक काल केला, मुलाच्या मित्रांना दिला. मिरी एवढी सुवासिक असते हे त्यांना नवीन होतं. आज तिरफळं. बिया काढायला अर्धा तास लागला, नखांना अजून वास आहे. पावणेपाचला बरणीत टाकली, पावणेआठला गाळली. लिंबू पिळायच्या आधीच लिंबाचा भास होतो. ह्यांना पहिला घोट विचित्र वाटला, दुसऱ्या घोटाला पेला खाली ठेवला नाही. पाक मी दोनाऐवजी दीड चमचा घातला, तेवढा पुरे.

ठाण्याच्या दादांना एक विचारायचं होतं. ओली तिरफळं चालतील का?

मालवणहून, सध्या ठाण्यात

चालतात ताई. श्रावणात घोस येतात, गणपतीपर्यंत मिळतात. ओल्याला तव्यावर घालू नका, फक्त हलकं ठेचा, आणि तासाभरात चव बघा. सुक्यापेक्षा लिंबाचा वास जास्त, मुंग्याही जास्त. मी दीड तासाच्या पुढे कधी ठेवलं नाही. या वर्षी आई गावाहून घोस पाठवेल तेव्हा थोडे तुमच्यासाठी बाजूला काढतो.