मदत हवी आहे: युनिकोड करताना ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतोय

212 पानांचा कथासंग्रह स्वतः प्रकाशित करतेय. छापील प्रतीची फाइल जुन्या, युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी प्रमाण कोडपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. आता किंडलसाठी ई-पब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल हवीय. पीडीएफमधून कॉपी केलं की नुसती इंग्रजी अक्षरं येतात, म्हणून मूळ वर्ड फाइल जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली. नव्वद टक्के मजकूर नीट आला, पण ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ झालं. मराठीत हा फरक अर्थाचा आहे, तो तसाच सोडवत नाही.

सरसकट फाइंड-रिप्लेस करता येत नाही. ‘कार्यालय’, ‘मर्यादा’, ‘सूर्यास्त’ बिघडतात. मूळ फॉन्टमध्ये ‘ऱ्’ या अर्ध्या र ला वेगळा कोड आहे, म्हणून रूपांतराआधी तिथे ## टाकून पाहिलं. कन्व्हर्टर # लाही फॉन्टमधलंच चिन्ह समजतो आणि भलतंच अक्षर देतो.

पुन्हा टाइप करून घेणं खर्चात बसत नाही. मजकूर अंतिम आहे, मुद्रितशोधन झालंय. विंडोज आणि वर्ड 2016 आहे, साधा मॅक्रो चालवता येतो.

रूपांतरात न बदलता टिकेल अशी कोणती खूण टाकावी? की कन्व्हर्टरच्या अक्षरतक्त्यातच (कुठल्या जुन्या कोडचं कुठलं अक्षर करायचं त्या यादीत) त्या एका कोडसमोर ‘ऱ्’ घालणं जास्त खात्रीचं?