आकृतीत एक, पुस्तिकेत दुसरेच

प्रश्न (रत्नागिरी): खाऱ्या हवेने गंजणारे उघडे रिले (कॉइलला वीज मिळाली की संपर्क जोडणारे-तोडणारे स्विच) काढून मी पंप-नियंत्रकात सीलबंद रिले घातले आणि कीकॅड या सर्किट-आकृतीच्या सॉफ्टवेअरमधील आकृतीही सुधारली, परंतु पुस्तिकेत जुनेच चित्र राहिल्याने मिरकरवाड्यातील वायरमनने कॉइलची तार संपर्काच्या पिनला जोडली. हा मेळ कसा राखावा?

उत्तर (चिपळूण): चित्र हाताने चिकटवणे आधी थांबवा. कीकॅड ७ पासून (२०२३) आकृतीची पीडीएफ संगणकाच्या टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, काढता येते. आकृती व पुस्तिका एकाच गिट रिपॉझिटरीत (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फोल्डरमध्ये) ठेवून प्रत्येक बदलासोबत पीडीएफ आपोआप नव्याने निघेल अशी स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) लावा.

उत्तर (मालवण): चित्र बदलेल, मजकूर नाही. ‘पिन ३ ला तार जोडा’ हे वाक्य माणसालाच वाचावे लागते. शिवाय आकृतीच्या चौकटीतील आवृत्ती क्रमांक बोर्डावरही छापा. पेटीतली पुस्तिका पावसाळ्यात भिजतेच.

प्रश्नकर्ता: बोर्डावर क्रमांक नव्हताच. पुढच्या खेपेपासून छापतो.