दिवस भरत आलेत, कळा आपणहून याव्यात म्हणून अ‍ॅक्युपंक्चर करावं का? (नाशिक)

सायली_सिन्नर

नमस्कार. माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे सिन्नरला आली आहे. आज ३९ आठवडे ३ दिवस झाले. नाव नाशिकला गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात घातलंय. बाळाचं डोकं खाली आहे, बीपी आणि साखर नॉर्मल. कालच्या तपासणीत गर्भपिशवीचं तोंड अजून कडक आणि बंद आहे असं सांगितलं. ४१ आठवड्यांपर्यंत कळा आल्या नाहीत तर दाखल करून औषधाने कळा आणायच्या असं ठरलंय, आणि तिला त्या सलाईनच्या कळांची फार धास्ती आहे.

नाशिकमध्ये अ‍ॅक्युपंक्चरने कळा सुरू करून देतात असं कळलं. सुया नक्की कुठे टोचतात, कधीपासून आणि किती वेळा? बाळाला धोका असतो का? तेच बिंदू घरी अंगठ्याने दाबले तर चालतं का? सासूबाई एरंडेल पाजायचं म्हणतायत, त्याबद्दलही सांगा.

बिंदूमार्ग

सायलीताई, सुरुवातीलाच एक स्पष्ट करते. अ‍ॅक्युपंक्चर कळा "सुरू करून देत" नाही. शरीराची तयारी चालू असेल तर तिला थोडा हातभार लागतो, एवढंच. सुया टोचल्या आणि रात्री कळा आल्या अशी हमी कोणी देत असेल तर तिथे जाऊ नका.

आता सुयांबद्दल. या कामासाठी नेहमी घेतले जाणारे बिंदू म्हणजे (अवयवाचं नाव आणि आकडा ही नुसती बिंदूची ओळख, सुई त्या अवयवात जात नाही) हातावरचा लार्ज इंटेस्टाइन ४, पायावरचा स्प्लीन ६, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावरचे ब्लॅडर ३१ आणि ३२, आणि घोट्यामागचा ब्लॅडर ६०. घाबरलेल्या बाईला लिव्हर ३ आणि डोक्यावरचा एक बिंदू जोडतात. पोटावर सुई टोचत नाहीत. खांद्यावरचा गॉल ब्लॅडर २१ हा बिंदूही या यादीत सापडतो, पण त्याच्या बरोबर खाली फुप्फुसाचं टोक असतं. सुई खोल गेली तर फुप्फुसाभोवती हवा शिरू शकते. त्या जागी बोटाने दाबणं पुरेसं आहे, सुई नकोच.

सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची, साधारण ०.२५ मिमी जाडीची. हाताला २५ मिमी लांबीची आणि पाय-कमरेला ४० मिमी. लार्ज इंटेस्टाइन ४ अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात, तर्जनीच्या तळव्यातल्या हाडाच्या मध्यावर असतो. स्प्लीन ६ आतल्या घोट्याच्या टोकापासून चार बोटं वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला. चार बोटं मोजायची ती पेशंटची, टोचणाऱ्याची नाही. बाई लहान चणीची आणि टोचणाऱ्याचा हात मोठा असेल तर इथेच बोटभर फरक पडतो.

सुई बरोबर बसली की जडपणा, ताण किंवा हलक्या झिणझिण्या जाणवतात. विजेचा झटका तळपायापर्यंत गेल्यासारखं वाटलं तर सुई नसेजवळ (मज्जातंतूजवळ) गेली आहे. ती लगेच थोडी मागे घ्यायची, तशीच फिरवत बसायचं नाही. स्प्लीन ६ च्या मागून नस आणि रक्तवाहिनी दोन्ही जातात, त्यामुळे तिथे घाई करू नये. ब्लॅडर ३२ शोधायला कमरेखालच्या दोन खळ्यांची मदत होते. एका खळीची खालची कड आणि पाठीची मधली रेषा यांच्या मध्यावर हाडात छोटं छिद्र असतं, सुई तिथे जाते. शेवटच्या आठवड्यांत सूज आणि चरबीमुळे ते छिद्र बोटाला लागत नाही, मग अंदाजाने टोचलं जातं आणि सुई नुसती हाडावर आपटते. दुखतं खूप, उपयोग काही नाही.

सुया २० ते ३० मिनिटं ठेवतात. काही जण पायाच्या किंवा कमरेच्या सुयांना मंद वीज जोडतात, सेकंदाला २ ठोके या वेगाने. ती सहज सोसेल एवढीच ठेवायची. या दिवसांत उताणं झोपवून अर्धा तास ठेवायचं नाही. पोटाच्या भाराने मोठी शीर दबते, चक्कर येते आणि बाळाकडचा रक्तपुरवठाही कमी होतो. डावी कूस, गुडघ्यांमध्ये उशी. किंवा खुर्चीवर उलटं बसून पाठीच्या बाजूवर उशी टाकून पुढे टेकायचं. उपाशीपोटी जाऊ नये, तासभर आधी पोळी-भाजी खाल्लेली बरी. सुयांनी गरगरण्याचं कारण बहुतेक वेळा रिकामं पोट हेच असतं.

किती वेळा? ४० आठवड्यांच्या आसपास सुरू करून एक दिवसाआड दोन-तीन बैठका. तेवढ्यात काही हललं नाही तर पुढे रोज टोचून घेण्यात अर्थ नाही.

प्रसूतीविभाग_ना

वरची माहिती नीट दिली आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून पुराव्याची बाजू सांगतो, कारण निर्णय त्यावर घ्यायचा आहे.

कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१७ च्या आढाव्यात अ‍ॅक्युपंक्चर आणि अ‍ॅक्युप्रेशरचे मिळून २२ अभ्यास, ३४५६ स्त्रिया तपासल्या होत्या. खऱ्या सुया आणि खोट्या सुया यांची तुलना केल्यावर सिझेरियनच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. गर्भपिशवीचं तोंड पिकण्यात थोडा फायदा दिसला, पण तो बिशप स्कोअरच्या अर्ध्या गुणाइतकाही नव्हता. नुसत्या दाबाने कळा सुरू होतात असंही दिसलं नाही.

बिशप स्कोअर म्हणजे तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ की कडक, पुढे की मागे, आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, या पाच गोष्टींचे गुण. एकूण १३. आठ किंवा जास्त असेल तर कळा आणायला शरीर तयार आहे असं धरतात, सहा किंवा कमी म्हणजे अजून कच्चं. तुमच्या नणंदेचं तोंड कडक आणि बंद आहे म्हणजे गुण कमीच असणार. आकडा डॉक्टरांकडून विचारून घ्या. दोनवरून अडीच झाल्याने चित्र बदलत नाही.

म्हणून माझं मत असं: तिला सुयांनी शांत वाटत असेल, झोप लागत असेल तर डॉक्टरांना सांगून करायला हरकत नाही. पण ४१ आठवड्यांची तारीख "अजून दोन बैठका बाकी आहेत" म्हणून पुढे ढकलायची नाही. नुकसान होतं ते तिथे. ४१ नंतर गर्भजल कमी होणं आणि वारेची ताकद उतरणं यांचा धोका वाढत जातो.

आणि सलाईनच्या धास्तीबद्दल. कच्च्या तोंडावर थेट कळांचं सलाईन लावत नाहीत. आधी तोंड मऊ करतात, एकतर प्रोस्टाग्लँडिनचं जेल किंवा मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी, नाहीतर फोलीची नळी आत ठेवून तिचा फुगा ३० मिली किंवा जास्त पाण्याने फुगवतात. पहिल्या खेपेला यातच एक दिवस किंवा जास्त जाऊ शकतो. सलाईन नंतर, तेही थेंबाथेंबाने वाढवत आणि बाळाचे ठोके बघत. काय क्रमाने होणार हे माहीत असलं तर भीती बरीच उतरते. पुढच्या तपासणीला तिला स्वतःला हे विचारू द्या.

सायली_सिन्नर

दोघांचे मनापासून आभार. अजून दोन शंका. एका ठिकाणी फोन केला तर ते म्हणाले की ३७ आठवड्यांपासूनच सुरू करायला हवं होतं, आता दहा बैठकांचं पॅकेज घ्या. आणि तिच्या दोन्ही पायांना संध्याकाळी सूज येते, त्यात सुई चालते का?

बिंदूमार्ग

दहा बैठका कशाला? ३९ आठवडे ३ दिवसांपासून एक दिवसाआड दहा म्हणजे ४२ आठवडे उलटून जातील. हिशोबच बसत नाही, पॅकेज घेऊ नका.

३७ व्या आठवड्याला कळांसाठी टोचायचं कारण नाही. हातावरचा, घोट्यावरचा आणि कमरेवरचे हे बिंदू आमच्या शास्त्रात गरोदरपणी वर्ज्य मानलेत ते याचसाठी. दिवस पूर्ण भरलेत याची खात्री असल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. ही खात्री पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून करायची, पाळीच्या तारखेवरून नाही. पाळी अनियमित असेल तर दोन आठवड्यांचा फरक सहज निघतो. ती पहिली सोनोग्राफी फाईलमधून काढून सोबत न्या.

सुजेबद्दल. दोन्ही पायांना सारखी, संध्याकाळी वाढणारी आणि सकाळी उतरणारी सूज असेल तर सुई चालते, पण बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल तर त्या पायावर टोचू नये. टोचल्या जागेतून पाणी झिरपत राहतं आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. अशा वेळी हात आणि कंबर एवढंच करावं. सूज अचानक वाढली, चेहऱ्यावर किंवा हातांवर आली, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे चमकलं, तर सुयांचा विचार सोडून त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासायची. एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखत असेल तर तो पाय चोळायचाही नाही, दाबायचाही नाही. शिरेत गुठळी असू शकते.

वार खाली असेल, आधीचं सिझेरियन असेल, बाळ आडवं किंवा पायाळू असेल, पाणी गेलं असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन चालू असेल, तर डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय एकही सुई नाही. पायाळू बाळासाठी पायाच्या करंगळीच्या नखाजवळ शेक देण्याची पद्धत वेगळी. ती बाळ फिरवण्यासाठी आहे आणि कितीतरी आधी, ३३ ते ३५ आठवड्यांना करतात. दोन्हींची गल्लत होते म्हणून लिहिलं.

नोंदणी_बघा

टोचून घेण्याआधी बघायच्या गोष्टी. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडची नोंदणी विचारा. नुसतं शिबिराचं प्रमाणपत्र चालणार नाही. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, मुदतीची तारीख वाचा. वापरलेली सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. ताटलीत परत ठेवली तर उठून या. पुन्हा वापरलेल्या सुईतून कावीळ बी आणि एचआयव्ही पसरू शकतात. लावलेल्या आणि काढलेल्या सुया मोजायला लावा, कमरेची एखादी विसरते. निकेलची खाज असणारीने आधीच सांगावं.

लेबररूम_सिस्टर

घरी दाबण्याबद्दल. कळा सुरू करण्यासाठी त्याचा भरवसा नाही, पण कळा सुरू झाल्यावर दुखणं सोसायला बऱ्याच जणींना उपयोग होतो, म्हणून आधी शिकून ठेवणं चांगलं. नख कापलेला अंगठा, स्प्लीन ६ वर नडगीच्या हाडामागे आत-पुढच्या दिशेने दाब, मिनिटभर धरून सोडायचं, मग दुसरा पाय. कळ आली की दाब, गेली की सोड. हातावरचा बिंदूही तसाच. कमरेला तळहाताच्या टाचेने जोरात दाब दिलेला बहुतेक सगळ्यांनाच बरा वाटतो, आणि तो द्यायला बिंदू अचूक सापडावा लागत नाही. हे काम नवऱ्याला शिकवा.

एरंडेल देऊ नका. त्यातलं रिसिनोलेइक आम्ल आतडी पिळतं आणि गर्भपिशवीवरही काम करतं, पण किती आणि कधी यावर आपला ताबा नसतो. रात्रभर जुलाब आणि उलट्या होऊन बाई गळून जाते आणि मग कळा द्यायला अंगात त्राण राहत नाही. सासूबाईंना काहीतरी द्यायचंच असेल तर रोज सहा खजूर द्या म्हणावं. साखर नॉर्मल आहे ना, मग चालेल. खजुराने तोंड पिकायला मदत होते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, आणि नाही झाली तरी अपाय नाही.

सिन्नरहून नाशिक ३० किलोमीटर, पुढे नाशिकरोड आणि द्वारका चौकाची कोंडी, मग गंगापूर रोड. संध्याकाळी निघालात तर वेळ दुप्पट धरा. म्हणून पाच-पाच मिनिटांनी कळा येईपर्यंत थांबू नका. सात-आठ मिनिटांवर नियमित झाल्या की गाडी काढा. सुयांच्या बैठकीनंतर दोन-चार तास पोट घट्ट होऊन पुन्हा मोकळं होतं, त्या खोट्या कळा. चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत, वाढतच जातात.

बाळाची हालचाल रोज मोजा. जेवून डाव्या कुशीवर पडायचं, दोन तासांत दहा हालचाली झाल्या पाहिजेत. नाही झाल्या, पाणी गेलं (त्यातही हिरवट गेलं तर विशेष) किंवा ताजं लाल रक्त दिसलं तर बैठक रद्द, थेट हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८.

प्रसूतीविभाग_ना

सिस्टरांनी लिहिलंय ते प्रिंट काढून फ्रीजवर लावा.

एक राहिलं. ३९ आठवड्यांनंतर आतून तपासताना बोटाने पडदा सैल करणं, ज्याला स्वीप म्हणतात, हा पर्याय डॉक्टरांना विचारा. त्याने आपणहून कळा येण्याची शक्यता वाढते आणि त्यामागचा पुरावा सुयांपेक्षा पुष्कळ भक्कम आहे. तोंड अगदी बंद असेल तर बोट आत जात नाही, मग चार-पाच दिवसांनी पुन्हा बघतात. करताना दुखतं आणि नंतर दिवसभर थोडं डागतं, हे तिला आधी सांगा.

स्वीप आणि सुया एकाच दिवशी करू नका. डाग कशाचा, पोट कशाने आवळतंय हे मग कोणालाच सांगता येत नाही. मध्ये एक पूर्ण दिवस ठेवा, आणि सुया केल्या असतील तर तारीख आणि बिंदू फाईलवर लिहून आणा, म्हणजे रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनाही कळेल.