फिनिशमधील स्थानदर्शक शब्द कसे शिकावेत?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): मुलीला उच्च शिक्षणासाठी फिनलंडमधील ताम्पेरे येथे प्रवेश मिळाल्यामुळे आम्ही दोघी घरीच प्राथमिक फिनिश शिकत आहोत. आत, वर, खाली, मागे यांसाठीचे शब्द शोधू लागलो, तर प्रत्येक नामाचे रूपच बदललेले दिसते. 'तालो' म्हणजे घर हे पाठ झाले. मग 'तालोस्सा', 'तालोस्ता' आणि 'तालोओन' ही काय भानगड आहे?

उत्तर १: 'मिस्सॅ' म्हणजे कुठे, 'मिस्तॅ' म्हणजे कुठून आणि 'मिहिन' म्हणजे कुठे जायचे, या तीन प्रश्नांची ती अनुक्रमे उत्तरे आहेत. 'तालोस्सा' म्हणजे घरात असणे, 'तालोस्ता' म्हणजे घरातून निघणे आणि 'तालोओन' म्हणजे घरात शिरणे. मराठी माणूस नेमका इथेच अडखळतो, कारण 'घरात आहे' आणि 'घरात गेला' या दोन्हींना आपल्याला एकच 'त' पुरतो. 'वर'चेही तसेच आहे: पिशवी खुर्चीवर असेल तर 'तुओलिल्ला', खुर्चीवरून उचलली तर 'तुओलिल्ता' आणि खुर्चीवर ठेवली तर 'तुओलिल्ले'. फिनिशच्या १५ विभक्तींपैकी या सहा आधी पक्क्या कराव्यात. शब्दात आ, ओ, उ हे स्वर असतील तर 'स्सा', नसतील तर 'स्सॅ', हे कानाला लवकर जमते.

खाली, मागे, शेजारी हे शब्द मात्र आपल्याला सोपे जातात, कारण आपल्यासारखेच ते नामाच्या षष्ठीनंतर येतात: 'तुओलिन अल्ला' म्हणजे खुर्चीच्या खाली, 'तालोन ताकाना' म्हणजे घराच्या मागे, 'तालोन विएरेस्सॅ' म्हणजे घराच्या शेजारी. यांचीही त्रिकुटे असतात (अल्ला, अल्ता, अल्ले), त्यामुळे सुटा शब्द कधीच पाठ करू नये.

उत्तर २: गावांच्या नावांबाबत सावध राहावे. हेल्सिंकीत असणे म्हणजे 'हेल्सिंगिस्सॅ', पण तुमच्या मुलीच्या ताम्पेरेला 'वर'चा प्रत्यय लागून 'ताम्पेरेएल्ला' होते. नागपुरातल्या भागांबाबत आपण इतवारीत जातो आणि बर्डीवर जातो म्हणतो, तसलाच हा प्रकार असल्याने प्रत्येक गावाचे रूप नावासोबतच लक्षात ठेवावे लागते.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. मग 'नागपुरात' कसे म्हणायचे?

उत्तर १: 'नागपुरिस्सा'. व्यंजनान्त परकीय नावाला प्रत्ययापूर्वी 'इ' जोडतात.