लाडकी बहीण: अर्ज भरून घेतले तेव्हा छाननी का नाही केली?

शेवंता_जालना

मी जालना जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे, म्हणजे बायांना महिन्याला 1500 रुपये देणाऱ्या योजनेचे, अर्ज आमच्याच हातून भरले गेले. दिवसा पोरांची वजनं, खाऊ, गरोदर बायांच्या नोंदी. ते उरकलं की रात्री नारीशक्ती दूत ॲप, कारण दिवसा सर्व्हर धड चालायचा नाही. बाईला दारातल्या बल्बखाली उभं करून फोटो काढायचा आणि ओटीपीची वाट बघायची. तो यायचा नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि नवरा रानात मोटर चालू करायला गेलेला. वरून रोज एकच विचारणा, आज किती अर्ज झाले? त्यातले पात्र किती, हे मला कुणी विचारलं नाही.

28 जूनला योजना जाहीर झाली. अर्जाची मुदत आधी 15 जुलै होती, ती वाढत वाढत 15 ऑक्टोबरवर गेली. राखीपौर्णिमेच्या तोंडावर तीन हजार खात्यात पडले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे आचारसंहिता लागायच्या आधीच एकदम आले. 20 नोव्हेंबरला मतदान झालं. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये आमच्या हातात यादी आली, की कुणाच्या घरी चारचाकी आहे ते बघून या.

अटी काय फेब्रुवारीत ठरल्या? अडीच लाखांच्या आत उत्पन्न, घरात आयकर भरणारं कुणी नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, हे सगळं पहिल्या जीआरपासून होतं. गाड्यांची नोंद परिवहन विभागाकडे, नोकरदारांची यादी सरकारकडेच. तरी अर्जासोबत बाईकडून हमीपत्र घेतलं आणि जबाबदारी तिच्यावर टाकली.

यादीतल्या एका घरी गेले. गाडी दिराची, भाड्यानं चालवतो, रेशनकार्ड एकच. ती म्हणाली, “ताई, तुम्हीच सही कुठं करायची ते दाखवलं होतं ना?” मला तिच्यापुढं मान वर करवेना. हे कायद्यात बसतं का, आणि कायद्यात बसलं तरी राज्यकर्त्यांना शोभतं का, हे जाणकारांनी सांगावं.

जुना_कोषागारवाला

ताई, दिराच्या गाडीचं आधी सांगतो. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. दीर त्यात येत नाही. तिला तसं लेखी द्यायला सांगा.

माझी सगळी नोकरी बिलं तपासण्यात गेली. शंभर रुपयांचं प्रवास बिलसुद्धा पावती बघितल्याशिवाय पास होत नसे. इथं 14,298 पुरुषांच्या खात्यात पैसे गेल्याचं 2025 मध्ये उघड झालं. 26 लाखांहून जास्त नावांचा लाभ थांबवल्याचं मंत्र्यांनीच जाहीर केलं. हे आकडे गावातल्या बायांच्या माथी मारू नयेत. ज्यांनी तपासायचं थांबवलं, जबाब त्यांनी द्यायचा.

बायांना पैसे मिळू नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. याच राज्यानं वि. स. पागेंच्या विचारातून रोजगार हमी उभी केली. तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लावला, तो आजही पगारातून कापला जातो. पैसा कुठून येणार हे त्या वेळी लोकांना तोंडावर सांगितलं होतं. आताच्या योजनेसाठी 2025-26 च्या अर्थसंकल्पात 36 हजार कोटी ठेवले, पण ते कुणाच्या ताटातून काढले हे कुणी सांगत नाही.

वसतिगृहातला_विद्यार्थी

काका, आमच्या ताटातून काढले. एप्रिल 2025 च्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकासचे 335 कोटी वळवले. तेव्हा खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

मी सामाजिक न्याय विभागाच्या स्वाधार योजनेवर शिकतो, म्हणजे राहण्या-जेवणासाठी मिळणाऱ्या पैशावर. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43 हजार. ते वेळेवर आले नाहीत की मेसवाला दोन महिने थांबतो, तिसऱ्या महिन्यात डबा बंद करतो. मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघं मिळून दोन डबे घ्यायचो. कर्नाटकानं 2013 मध्येच कायदा करून अनुसूचित जाती-जमातींचा निधी बांधून घेतला. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून हात घालायला हीच तिजोरी सगळ्यात सोपी. माझी आईसुद्धा लाडकी बहीण आहे. तिचा हप्ता तिच्याच पोराच्या शिक्षणातून का द्यायचा?

कापूसवाला

चर्चा चांगली आहे, पण एक सांगतो. माझ्या आईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता खर्च करता येतील असे पैसे आले. तिनं गुडघ्याच्या गोळ्या सुरू केल्या, त्या आम्ही पोरांनी आणून दिल्या नव्हत्या. आता नमो शेतकरीचे पैसे मिळतात म्हणून तिला 1500 ऐवजी 500. तिला “फुकट खाणारी” म्हणणारे पारावर बसलेले असतात, त्यांचा मला राग येतो. प्रचारात सत्ताधाऱ्यांनी 2100 चा शब्द दिला होता. तो मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात पाळला नाही, त्यावर बोला.

काळा_कोट

शेवंताताई, कायद्याचं सांगतो. 2013 मध्ये सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, जाहीरनाम्यातलं आश्वासन हे भ्रष्ट आचरण ठरत नाही. त्याच निकालात अशा वाटपानं निष्पक्ष निवडणुकीला धक्का बसतो हेही मान्य केलं आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वं करायला लावली. आश्वासनासाठी पैसा कुठून आणणार हे पक्षानं ढोबळमानानं सांगावं, असं ती तत्त्वं सांगतात. 1500 वर टीका करणाऱ्या विरोधकांनी स्वतः 3000 चं आश्वासन दिलं, तेही हिशोबाशिवाय. थोडक्यात, हे कायद्यानं अडवता येत नाही. पण ज्या सरकारला अपात्र कोण हे कळायची सगळी साधनं हाताशी होती आणि ज्यानं ती मतदान होईपर्यंत वापरली नाहीत, त्यानं मतदाराला फसवलं असं मी मानतो.

शेवंता_जालना

सगळ्यांचे आभार. कापूसवाले दादा, तुमच्या आईंना कुणी बोललं तर मीही भांडेन.

ई-केवायसीच्या वेळी आमच्याकडे विधवा बाया रडत आल्या, कारण नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागत होते आणि दोघंही हयात नव्हते. म्हणून आम्ही काही जणी मिळून अर्ज लिहितोय. ज्या बाईचं नाव कापलं तिला कारण लेखी मिळावं, दाद कुठं मागायची ते त्या कागदावर असावं, आणि पडताळणीचं काम देताना आम्हाला लेखी आदेश द्यावा. काळा कोटवाले दादा, मसुदा टाकला तर बघून द्याल का?