मदत हवी आहे: पाऱ्याच्या प्लेटवर जिवाणू उगवले, पण कंट्रोलही उगवला!

नमस्कार मंडळी. मी खानापूरकडची, बेळगावात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. मार्कंडेय नदीकाठच्या गाळातून पाऱ्याला दाद न देणारे जिवाणू शोधायचे, असा प्रोजेक्ट आहे. कॉलेजात सगळं इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये, म्हणून हा गुंता इथे मराठीत सोडतेय.

मला कळलंय ते असं. पाऱ्यापासून जिवाणूला वाचवणाऱ्या जनुकांना 'मर' म्हणतात (नाव मर, काम जगवायचं!). मर-आर हे प्रथिन डीएनएवर बसून असतं. पारा चिकटला की डीएनएचा पीळ थोडा सैल करतं आणि बाकीची जनुकं चालू होतात. मर-पी बाहेरच्या बाहेर पारा धरतं, मर-टी तो आत घेतं. विष मुद्दाम घरात! मग मर-ए हे एन्झाइम एनएडीपीएचकडून (पेशीतला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) इलेक्ट्रॉन घेऊन पाऱ्याच्या आयनाचा साधा पारा करतं आणि तो वाफ होऊन उडून जातो. काहींकडे मर-बी पण असतं, ते मिथाइल पाऱ्यातला कार्बन-पारा बंध तोडतं.

आता घोटाळा. न्यूट्रिएंट अगारमध्ये (जिवाणू वाढवायचं नेहमीचं पौष्टिक माध्यम) मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम मर्क्युरिक क्लोराइड घातलं. गाळातले उगवले, खूश झाले. पण कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, ठेवलेल्या ज्या ई. कोलाय जिवाणूमध्ये मर जनुकं नाहीत, तोही शेजारी आरामात वाढला. सर म्हणतात, डोस वाढव. बरोबर आहे का? शिवाय लॅबमधले मामा वापरलेल्या प्लेटी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) टाकायला निघाले होते, मी थांबवलंय.

जुना_प्रयोगशाळावाला: मामांना थांबवलंस ते फार बरं केलंस. पाऱ्याच्या प्लेटी ऑटोक्लेव्ह करायच्या नाहीत, पाऱ्याची वाफ खोलीत पसरते. सिंकमध्येही नको. झाकणबंद डब्यात लेबल लावून धोकादायक कचऱ्यात दे.

डोस नंतर. आधी माध्यम बदल. न्यूट्रिएंट अगारातल्या पेप्टोनमध्ये (अर्धवट पचवलेली प्रथिनं) गंधकवाले अमिनो आम्ल असतात, ते पाऱ्याला घट्ट धरतात. म्हणजे तुझ्या ई. कोलायच्या वाट्याला ५ आलेच नाहीत. ग्लुकोजवालं मिनिमल माध्यम (नुसते क्षार आणि साखर, पेप्टोन नाही) घे, कंट्रोल मेलाच पाहिजे. आणि उगवला म्हणजे मर-ए आहेच असं नाही. पीसीआर कर (ते जनुक आहे का ते डीएनएच्या प्रती काढून बघायचं), नाहीतर एक्स-रे फिल्मची चाचणी: जिवाणू आणि पारा कप्प्यांत घालून अंधारात वर फिल्म ठेवायची. उडालेला पारा फिल्मवर काळा डाग पाडतो.

एक मात्र लक्षात ठेव. ही जनुकं साध्या मातीतही सापडतात. तेवढ्यावरून नदीत पारा आहे असं रिपोर्टात लिहू नकोस.

खानापूरची: धन्यवाद दादा! पेप्टोनचं डोक्यातच आलं नव्हतं. फिल्मसाठी तीन ठिकाणी फिरले, सगळीकडे डिजिटल. शेवटी निपाणीत मावशीच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडे मिळाली, पण टीचभर, आणि तारीख उलटलेली. चालेल?

जुना_प्रयोगशाळावाला: चार कप्पे तरी झाकले जातील ना? मग एकात पारा आहे पण जिवाणू नाहीत असं ठेव. तिथेही काळं पडलं तर ती फिल्म कामाची नाही.