वाचनकट्टा ग्रुप: 'व्हील ऑफ टाइम'चे मधले भाग वगळायचे का?

मेधाताई (बी-३०४): कट्ट्यावरील सर्वांना नमस्कार. शनिवारच्या बैठकीला मला येता आले नाही, हे खरे आहे. परंतु रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'व्हील ऑफ टाइम' या कल्पनारम्य कादंबरीमालिकेचे आठवा, नववा आणि दहावा हे तिन्ही भाग वगळायचे, त्यांचा सारांश वाचायचा आणि थेट अकराव्या भागावर जायचे, असा निर्णय परस्पर घेतला गेल्याचे आज कळले. याचे वाईट वाटले आणि रागही आला. चौदा खंडांची मालिका वाचायला घेताना 'मध्ये कोणी कंटाळले तरी कोणताही खंड सोडायचा नाही' हे आपणच ठरवले होते. ते शब्द कोणाचे होते, हे सर्वांना आठवत असेलच.

जोशी काका (ए-१०२): मेधाताई, शब्द माझेच होते आणि मी ते नाकारत नाही. मात्र 'परस्पर' म्हणणे योग्य नाही, कारण बैठकीची सूचना याच ग्रुपवर दोनदा दिली होती. हे भाग मी प्रकाशित झाले तसे वाचलेले आहेत. मी तेव्हा न्यू जर्सीत नोकरीला होतो. नववा भाग २००० साली आला आणि दहावा, म्हणजे 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', २००३ साली. नवव्याच्या शेवटी कथानायक रँड एवढे प्रचंड काम करतो की पुढे काय होणार या उत्सुकतेने आम्ही तग धरून होतो. दहावा हाती आला तेव्हा त्यातील बहुतेक पात्रे त्याच दिवशी, दूर कुठेतरी उभी राहून, 'तिकडे कोणीतरी अफाट शक्ती वापरत आहे' एवढेच अनुभवताना दिसली. जे आम्ही आधीच वाचले होते तेच वेगवेगळ्या तंबूंतून आणि वाड्यांतून पुन्हा पाहायचे, आणि स्वतः रँड तर जवळजवळ नाहीच. त्या वेळची निराशा मी नव्या वाचकांवर लादू इच्छित नाही.

वैशाली (ए-६०३): मूळ मुद्दा बाजूला पडू नये म्हणून लिहिते. 'न्यू स्प्रिंग' हा पूर्वकथेचा खंड केव्हा वाचायचा, हे अजून ठरलेले नाही. तो २००४ साली, म्हणजे दहाव्यानंतर आला आहे आणि तिथेच वाचला पाहिजे.

अनिरुद्ध (सी-५०१): काकांच्या अनुभवाचा आदर ठेवून सांगतो की त्यांची निराशा वाट पाहण्याची होती, पुस्तकाची कमी. दोन वर्षांहून अधिक काळ थांबलेल्या माणसाला कथा पुढे सरकलेली हवी असते. आपण नववा मिटला की दुसऱ्या दिवशी दहावा उघडणार आहोत. अनेक देशांतील वाचकांनी हे नोंदवले आहे की ज्या भागांना पूर्वी सर्वांत रटाळ म्हटले जात असे, ते सलग वाचताना तितके जड जात नाहीत. एवढे मात्र मान्य करतो की दहाव्याचा उपोद्घातच इतका लांब आहे की तो संपेपर्यंत मूळ कथा सुरू झाली की नाही, असा प्रश्न पडतो.

जोशी काका (ए-१०२): अनिरुद्ध, वाट पाहण्याचा प्रश्न नाही, रचनेचा आहे. १९९८ च्या आठव्या भागाच्या शेवटी रँडचा मित्र पेरिन याची पत्नी शत्रूच्या हाती सापडते आणि तिची सुटका २००५ च्या अकराव्या भागात होते. एका अपहरणाला सात वर्षे आणि चार खंड! सलग वाचले तरी पाने तेवढीच राहतात. राजकन्या एलेनचे राजगादीसाठीचे डावपेच, सरदारांच्या भेटी, चहा, पुन्हा भेटी. संपादकाने कात्री चालवायला हवी होती, आणि संपादक तर घरातच होत्या. हॅरिएट मॅकडूगल या जॉर्डन यांच्या पत्नी आणि संपादक, दोन्ही होत्या.

इरा (बी-७०२): काका, माफ करा, पण मी अजून सातव्या भागात आहे. पेरिनची पत्नी पकडली जाणार आणि सुटणार, हे दोन्ही मला आत्ताच कळले. मागच्या वेळीही हेच झाले होते आणि तेव्हा पाटील सरांनी नियम केला होता.

जोशी काका (ए-१०२): इरा, मनापासून क्षमस्व. मात्र सारांश वाचायचे ठरले होते, त्यामुळे हे कळणारच होते, अशी माझी समजूत होती.

मेधाताई (बी-३०४): हेच तर माझे म्हणणे आहे! सारांशात 'पेरिनची पत्नी पकडली गेली, पुढे सुटली' एवढेच येणार. त्या दोन घटनांच्या मध्ये पेरिनचे काय झाले, ते सारांशात येणार नाही. इरा, पुढचा परिच्छेद तू वाचू नकोस, दहावा संपल्यावर वाच.

पहिल्या भागात, 'द आय ऑफ द वर्ल्ड'मध्ये, लांडग्यांशी बोलणारा इलायस पेरिनला त्याच्या कुऱ्हाडीविषयी एक गोष्ट सांगतो. जोपर्यंत ती वापरणे तुला नकोसे वाटते, तोपर्यंत ती जवळ ठेव. ज्या दिवशी नकोसे वाटणे थांबेल, त्या दिवशी ती दूर फेकून दे. हे पुस्तक १९९० चे आहे. नंतर खंडामागून खंड पेरिनच्या एका हाती कुऱ्हाड आणि मनात लोहाराचा हातोडा आहे. दहाव्या भागात पत्नीचा ठावठिकाणा काढण्यासाठी तो एका बांधलेल्या कैद्याचा हात त्याच कुऱ्हाडीने तोडतो. समोर उभी असलेली त्याची स्वतःची माणसेही हादरतात. त्यानंतर तो ती कुऱ्हाड एका झाडाच्या खोडात रुतवून तिथेच सोडून जातो. १९९० ते २००३, एवढ्या अंतरावरून आलेले हे उत्तर आहे. पेरिन दिवसामागून दिवस बर्फात, चिखलात, अपुऱ्या धान्यावर सैन्य घेऊन फिरला नसता, आपणही त्याच्याबरोबर थकलो नसतो, तर तो असा का वागला हे पटलेच नसते. काका ज्याला रटाळ म्हणतात, तो त्या क्षणाचा पाया आहे. जो खंड जगभर सर्वांत वाईट म्हणून ओळखला जातो, त्यातच हा प्रसंग आहे. तो आपण सारांशात टाकणार आहोत का?

देशमुख काकू (सी-२०१): मेधा, फार नेमके लिहिलेस. मला या मालिकेत वेगळ्याच गोष्टीने धरून ठेवले. विश्वशक्तीचा पुरुषांचा अर्धा भाग दूषित झालेला, तो वापरणारा पुरुष अखेर वेडा होणार. त्यामुळे तीन हजारांहून अधिक वर्षे सत्तेची सूत्रे ही शक्ती वापरणाऱ्या एस सेडाई स्त्रियांकडे, हा विचारच मोठा आहे. त्यातून राण्या, मंत्रिणी, वृद्ध सल्लागार, हेर, महत्त्वाकांक्षी शिष्या अशा किती स्त्रिया येतात, आणि त्या एकमेकींशी भांडतात ते नवऱ्यावरून नव्हे, राज्यकारभारावरून. मात्र नाइनीव्ह या वैद्य नायिकेने प्रत्येक प्रकरणात वेणी ओढावी आणि प्रत्येक स्त्रीने झग्याच्या चुण्या सारख्या कराव्यात, हे लेखकाने आवरायला हवे होते. तिथे जोशी भाऊजींची कात्री मलाही हवी होती.

पाटील सर, संयोजक (ए-४०४): वेणीचा विषय निघाला की आपली चर्चा तासभर पुढे सरकत नाही, हे गणपतीतल्या बैठकीत सर्वांनी पाहिले आहे. कृपया भाग वगळण्याच्या प्रश्नावर या.

अनिरुद्ध (सी-५०१): सर, एकच वाक्य. तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या सान्वीने स्पर्धेच्या दिवशी तीन वेळा वेणी ओढली तेव्हा तिला नाइनीव्ह म्हणण्याची सुरुवात काकूंनीच केली होती.

वैशाली (ए-६०३): 'न्यू स्प्रिंग' दहाव्यानंतर. दहावाच वगळला, तर तो कोणत्या जागी बसवणार, याचे उत्तर कृपया कोणीतरी द्यावे.

इरा (बी-७०२): मी मेधाताईंचा परिच्छेद वाचला नाही, हे आधी सांगते. मी या मालिकेकडे पडद्यावरून आले, हे सर्वांना ठाऊक आहे. २०२१ साली सुरू झालेली ती वेब मालिका तीन हंगामांनंतर २०२५ साली बंद करण्यात आली. तिसऱ्या हंगामात रुइडियन या वाळवंटातील नगराचा भाग इतका सुंदर झाला होता की त्यासाठी मी चौथे पुस्तक हातात घेतले. रँड काचेच्या स्तंभांमधून चालत जातो आणि पावलागणिक आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांतून मागे मागे पाहत जातो; आज भाला घेऊन उभे असलेले लोक मुळात शस्त्राला हात न लावण्याची शपथ घेतलेले होते, हे त्याला उलट्या क्रमाने कळते. पडद्यावरची कथा कायमची अर्धवट राहिली. पुस्तकांतही मधले तीन भाग गाळून शेवटाला पोहोचायचे असेल, तर मला तोच अनुभव पुन्हा येईल.

जोशी काका (ए-१०२): रुइडियनविषयी दुमत नाही. चौथा भाग आणि सहाव्याच्या अखेरची दुमाईच्या विहिरींजवळची लढाई, यांच्या तोडीचे लेखन या प्रकारात फार थोडे आहे, आणि म्हणूनच पुढची घसरण बोचते. चौथा भाग १९९२ चा आहे. ज्या लेखकाने सुरुवातीला सहा भागांत कथा संपवण्याचे योजले होते, त्याच्या हातून ती चौदा भागांवर गेली. सुमारे चव्वेचाळीस लाख शब्द! त्यातील काही लाख नसते, तर जॉर्डन यांनी स्वतःच्या हाताने शेवट लिहिला असता, असे मला आजही वाटते. हे मी रागाने लिहीत नाही. २००७ च्या सप्टेंबरात ते गेले तेव्हा वय अठ्ठावन्न होते, आणि ती बातमी वाचून मी ऑफिसात बराच वेळ काही करू शकलो नव्हतो.

देशमुख काकू (सी-२०१): भाऊजी, हे तुम्ही यापूर्वी कधी सांगितले नव्हते.

अनिरुद्ध (सी-५०१): काका, तुमचे दुःख समजते, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. हृदयाचा तो दुर्मीळ आजार कळल्यावरही त्यांनी टिपणे करून ठेवली, घरच्यांना शेवटापर्यंतची कथा तोंडी सांगितली, आणि अखेरच्या प्रकरणातील मजकूर स्वतः लिहून ठेवला. मालिका पूर्ण करण्यासाठी हॅरिएट यांनी लेखक ब्रँडन सँडरसन यांची निवड केली. एक म्हणून ठरलेला शेवटचा खंड तीन खंडांचा झाला आणि २०१३ साली मालिका पूर्ण झाली. जो माणूस मधल्या खंडांत एवढी पात्रे हळूहळू उभी करतो, त्याचीच टिपणे इतकी भरगच्च असू शकतात की दुसऱ्याला त्यांवरून काम करता यावे.

मेधाताई (बी-३०४): सँडरसन यांचे काम उत्तम आहे, पण 'द गॅदरिंग स्टॉर्म' या त्यांच्या पहिल्या खंडातला मॅट, म्हणजे रँडचा दुसरा मित्र, तो जुना मॅट नाही. जॉर्डन यांचा मॅट विनोदी असतो कारण त्याला स्वतःला आपण विनोदी आहोत हे माहीत नसते. नव्या मॅटला ते माहीत आहे.

अनिरुद्ध (सी-५०१): सँडरसन यांनीही त्या पुस्तकातील मॅट आपल्याला नीट साधला नव्हता, हे मान्य केलेले आहे. पुढच्या खंडांत तो सुधारतो. मात्र त्याच पुस्तकाच्या शेवटी ड्रॅगनमाउंट पर्वताच्या शिखरावरचा रँडचा प्रसंग जॉर्डन यांच्या कोणत्याही प्रसंगाच्या बरोबरीचा आहे.

इरा (बी-७०२): पुन्हा!

अनिरुद्ध (सी-५०१): चुकले. 'प्रसंग आहे' याहून अधिक मी काही सांगितलेले नाही.

मेधाताई (बी-३०४): मॅट कोणता खरा, हे ओळखता येते कारण दहाव्या भागात तो टूऑन या राजकन्येबरोबर फिरत्या खेळवाल्यांच्या गाड्यांतून महिनाभर काही न घडता प्रवास करतो. तिच्याशी बोलतो, पटावर खेळतो, तिचा अंदाज घेतो आणि ती त्याचा घेते. आठव्या भागात तो मुळीच नव्हता, म्हणून वाचक संतापले होते. सारांशात मॅट एकदम अकराव्यात उगवेल आणि टूऑनविषयीचे त्याचे बोलणे कोणाला कळणार नाही.

जोशी काका (ए-१०२): आठव्यातील मॅटच्या अनुपस्थितीचे समर्थन तरी आपण करू नये.

मेधाताई (बी-३०४): समर्थन करत नाही. वगळू नये एवढेच म्हणते. वाईट भाग वाचून 'वाईट आहे' म्हणण्याचा अधिकार नव्या वाचकांनाही असावा. तुम्ही तो २००३ साली मिळवलात.

देशमुख काकू (सी-२०१): मला मेधाचे पटते. मालिकेच्या प्रत्येक भागाचे पहिले प्रकरण वाऱ्याच्या वर्णनाने सुरू होते. हा वारा म्हणजे मूळ आरंभ नव्हता, पण एक आरंभ होता, असे लेखक दर वेळी बजावतो. युगे येतात, जातात, परत येतात. कालचक्र ऐकत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे परके नाही. ज्या कथेचा आकारच चाकाचा आहे, तिच्या घेराचा तुकडा काढून कसे चालेल?

वैशाली (ए-६०३): सर, 'न्यू स्प्रिंग'.

पाटील सर, संयोजक (ए-४०४): सर्वांचे म्हणणे वाचले. शनिवारचा निर्णय मी संयोजक म्हणून मागे घेतो. आठवा, नववा आणि दहावा हे भाग पूर्ण वाचायचे. मात्र त्यांच्यावर तीन स्वतंत्र बैठका न घेता दोनच घेऊ, म्हणजे जोशी काकांच्या आक्षेपाचाही मान राहील. पेरिनची प्रकरणे मेधाताई मांडतील. दहाव्यात काय कापता आले असते, हे जोशी काका पुस्तक हातात घेऊन, पानांसह दाखवतील. वैशालीताई, 'न्यू स्प्रिंग' दहाव्यानंतर, अकराव्यापूर्वी. बैठकीबाहेर ग्रुपवर पुढच्या भागांतील घटना कोणीही लिहू नयेत.

जोशी काका (ए-१०२): मान्य. मी पानांसह येईन. दहाव्यातून किमान एक तृतीयांश मजकूर कथेला धक्का न लावता काढता येतो, हे दाखवण्याची माझी तयारी आहे. कुऱ्हाडीचे प्रकरण मात्र मी कापणार नाही, मेधाताई. ते मी विसरलो होतो असे समजू नका.

मेधाताई (बी-३०४): ते प्रकरण ठेवायचे असेल तर त्याच्या आधीची चिखलातली पानेही ठेवावी लागतील, काका. शनिवारी बोलू. ए विंगच्या कपाटातील दहाव्याची प्रत ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती गुरुवारपर्यंत परत ठेवावी. इराला ती लागणार आहे.